ताण्याच्या रेषा

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस सोलापूरला आमच्याकडे राहून गेली. ती पुण्यात वास्तुकलेचं शिक्षण घेते. कॉलेजनं तिला एक विचित्र काम लावून दिलं होतं. शहरातल्या नव्या इमारतींची छायाचित्रं काढायची, पण इमारत कोणती ते बघणाऱ्याला ओळखू येता कामा नये. पोरगी सकाळचा चहा घेऊन सात रस्ता, होटगी रोड असं भटकायची आणि दुपारी कॅमेऱ्यातून काय आणायची, तर जिन्याची तिरपी सावली, गॅलरीचा एक कोपरा, छज्जाची धार. सिद्धेश्वराचं तळं सोडून पाण्याच्या टाकीचे फोटो कसले काढतेस, असं मी तिला विचारलं. तिनं वाद घातला नाही. पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

त्या पानावर काळ्या पार्श्वभूमीवर ओढून धरलेल्या, अगदी बारीक, एकमेकींना न शिवणाऱ्या पांढऱ्या रेषा होत्या. भाचीला वाटलं, मामा गोंधळणार. मी मात्र क्षणात ओळखलं. तो ताणा होता, मागावर चढवलेला. बँकेत असताना कर्जखात्यांच्या तपासणीला साखर पेठ आणि दाजी पेठेतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये माझी किती वर्षं गेली! खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून मी ताण्याकडे बघत उभा राहायचो. शेकडो धागे, आणि एकही ढिला नाही. पण त्याचं छायाचित्र काढावं, असं काही मला कधी सुचलं नाही. ते ज्यांना सुचलं, त्या नसरीन मोहमदी. त्या 1990 साली गेल्या. मी त्यांचं नाव ऐकलं ते निवृत्तीनंतर, भाचीच्या तोंडून.

नसरीनचा जन्म 1937 चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. 1944 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचं बहारीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचं दुकान होतं. चित्रकार मुलीच्या हातात कॅमेरा कुठून आला, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. 1954 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेत दाखल झाली. पुढे फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1961 ते 1963 पॅरिस झालं. मधल्या काळात मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. वॉर्डन रोडवरची ती वास्तू म्हणजे त्या वेळच्या कलावंतांचा अड्डाच होता. आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन तिथे होते, नागपुरात जन्मलेले गायतोंडे होते. या थोरामोठ्यांत ही विशीतली मुलगी. गायतोंडे आणि त्यांचं चांगलं जुळलं. दोघांनाही चित्रात गोष्ट सांगायची नव्हती, हे कारण असावं, असं मला वाटतं.

सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत झाडाची, पाण्याची चाहूल लागते. सत्तरच्या दशकात तीही गेली. उरल्या फक्त रेषा. चौरस कागद, पेन्सिल, शाई, आणि नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन वापरतात तशी पेनं नि पट्ट्या. आडव्या-उभ्या रेषांची जाळी. नंतर जाळीही विरळ झाली आणि कोऱ्या कागदावर दोन-चार तिरप्या रेषा तरंगू लागल्या. चित्रांना नाव नाही आणि बहुतेकांवर तारीखही नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तारीख नसलेला कागद बघून अस्वस्थ व्हायला होतं, हे कबूल करतो!

आणि या सगळ्याच्या बरोबरीनं कॅमेरा चालू होता.

चंदीगड हे शहर आपल्याकडे आधुनिक वास्तुकलेची पंढरी मानलं जातं. फाळणीनंतर लाहोर पलीकडे गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती, आणि 1951 पासून ल कॉर्बुझिए या वास्तुकारानं ती कागदावर मांडायला घेतली. उघड्या काँक्रीटच्या प्रचंड भिंती, आणि उन्हाला अडवण्यासाठी दर्शनी बाजूला काँक्रीटच्याच आडव्या-उभ्या फळ्या. तिथे जाणारा माणूस मागे मागे सरकत अख्खी इमारत चौकटीत बसवतो आणि पुढे बायको-मुलांना उभं करतो. आम्हीही तेच केलं. नसरीन मात्र पुढे गेल्या. इतक्या जवळ, की इमारतीचं नाव, तिचा मान, तिची उंची सारं चौकटीबाहेर राहावं आणि आत उरावी ती काँक्रीटची एक कड आणि तिला छेदणारी सावली. फतेहपूर सिक्रीलाही त्यांनी तेच केलं. अकबराची ती लाल दगडातली राजधानी, पण कृष्णधवल छायाचित्रात लाली गेली, बादशहा गेला. राहिल्या फरसबंदीच्या सांध्यांच्या रेषा. चारशे वर्षांपूर्वीचा दगड आणि कालचं काँक्रीट शेजारी ठेवलं, तर कोणतं जुनं ते सांगता येऊ नये.

ही किमया कशी साधते, ते भाचीनं मला गच्चीवर नेऊन दाखवलं. सूर्य माथ्यावर असताना काही मिळत नाही, भिंत सपाट दिसते. ऊन तिरपं झालं की छज्जाखालून सावली सुटते आणि तीच रेषा होते. मग आकाश काढून टाकायचं, कारण आकाश दिसलं की वर-खाली कळतं. दार नको, खिडकी पूर्ण नको. त्या दोहोंनी आकाराचा अंदाज येतो. रंगही नकोच. अशी एकेक ओळख काढत गेलं की मग डोळ्याला नुसता कोन दिसायला लागतो. नसरीननी रस्त्यावरचे पांढरे पट्टे, समुद्रकिनारा, वाळवंट, सगळ्यांकडे याच नजरेनं पाहिलं. माणूस त्यांच्या चौकटीत फारसा नाही. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. संसारी माणसाला भिंतीत काय गोडी? पण पुस्तक आठवडाभर टेबलावर राहिलं आणि मी रोज एकदा तरी ते उघडत होतो.

1972 मध्ये त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. घरात सामान मोजकं. हुकमी विकलं जाईल असं त्यांनी काही काढलं नाही. आणि छायाचित्रांचं तर त्यांनी कधी प्रदर्शनच भरवलं नाही. वीसेक वर्षं काढलेली ही छायाचित्रं घरातच राहिली. ती चित्रांची तयारी होती, की स्वतंत्र काम होतं, यावर जाणकार आजही बोलतात. मला त्या वादात पडायचं नाही. एवढंच म्हणेन, की लिहिलेलं छापून आलं नाही तर महिनाभर घुमा होणाऱ्या माझ्यासारख्या लेखकाला हे पचवायला जड गेलं.

यापुढचं सांगायला मात्र मला जड जातं. त्यांना मज्जासंस्थेचा असाध्य आजार होता. स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत जाणारा. हात ऐकेनासा होतो, पाऊल नेमकं पडत नाही. आणि याच वर्षांत त्यांच्या रेषा अधिकाधिक बारीक, अधिकाधिक नेमक्या होत गेल्या. पट्टी घट्ट धरायची, पेन टेकवायचं आणि श्वास आवरून एक रेषा पार पलीकडे न्यायची. ते मी पाहिलेलं नाही. पण थरथरता हात मी पाहिला आहे.

नव्वदीच्या दशकात मी सोलापुरातल्या एका शाखेत अधिकारी होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ यायचे. जन्म मागावर गेलेला, घरची बोली तेलुगू, सही मात्र वळणदार मराठीत. एका महिन्यात सही जुळेना. हात कापत होता. नमुना सहीच्या कार्डाशी ताडून मी स्लिप परत केली. त्यांनी पुन्हा केली, मी पुन्हा परत केली. तिसऱ्यांदाही. नियमात मी चुकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन आले आणि काही न बोलता शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. रात्रशाळेत जाऊन सही शिकलेला माणूस होता तो, हे मुलानं मला जाताना सांगितलं. आयुष्यभर एकेक धागा सरळ ठेवलेल्या त्या हाताकडून मी अंगठा घेतला.

नसरीन 1990 च्या मे महिन्यात किहीमला गेल्या. अलिबागजवळचं किहीम. सुगरण पक्ष्यांचा अभ्यास सालिम अलींनी जिथे केला, तेच गाव. तिथे त्यांच्या कुटुंबाचं घर होतं. वय त्रेपन्नसुद्धा नीट पूर्ण झालं नसेल. गंमत अशी, की 1986 ते 1989 मी अलिबागलाच होतो. बागायतदारांच्या कर्जांच्या कामानं किहीमला कितीदा गेलो, किनाऱ्यावर बसून डबा खाल्ला. ओहोटीनंतर वाळूवर उमटणाऱ्या रेषा तेव्हाही माझ्या पायाखालीच होत्या.

मृत्यूनंतर घरातली छायाचित्रं बाहेर आली. 2007 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात नसरीनचं काम होतं. 2013 मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयानं मोठं प्रदर्शन केलं, 2015 मध्ये माद्रिदच्या रेना सोफियानं. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, ती ज्या प्रदर्शनांनी, त्यांतलं एक नसरीन मोहमदींचं होतं. ती इमारतही मार्सेल ब्रॉयर या आधुनिक वास्तुकाराचीच. तिच्या भिंतींवर चंदीगड लागलं, फतेहपूर सिक्री लागली आणि माझ्या ओळखीचा तो ताणाही.

भाऊबीज करून भाची गेली. कॉलेजला द्यायची बारा छायाचित्रं तिनं जाण्यापूर्वी मला ओळखायला लावली होती. अकरा मला ओळखता आली नाहीत, त्यामुळे ती खूश होती. बारावं म्हणजे सळ्यांच्या उभ्या सावल्या आणि त्यांना खालून कापणारी लाकडाची जाड आडवी कड. मी म्हणालो, ही आमच्या जुन्या शाखेची पेन्शनची खिडकी. तिनं ते छायाचित्र बाजूला काढलं आणि दुसरं काढायला कॅमेरा घेऊन उन्हात निघून गेली.