सर्पविषावर उतारा शोधणारे डॉ. काल्मेत

फुलचूर व गोंदियाच्या आसपासच्या धानाच्या मुलुखांत रोवणीसाठीं बांधींत उतरणाऱ्या माणसाच्या मनांत सर्पाची धास्ती असते, हें वाचकांस सांगावयास नको. सर्पदंशावर प्रतिविष टोंचण्याचा उपाय ज्यांच्या खटपटीनें मुख्यत्वें प्रचारांत आला, त्यांचेंही काम अशाच एका भातपिकाच्या मुलुखांत सुरू झालें. त्यांचें नांव डॉ. आल्बेर काल्मेत.

त्यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजीं फ्रान्स देशांतील नीस शहरीं झाला. ते आरमारी डॉक्टर झाले व १८९१ सालीं व्हिएतनाममधील सैगॉन येथें देवीची व पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस तयार करण्याची प्रयोगशाळा काढण्यास गेले. सर्पविषाचा विचार त्यांच्या मनांतही नव्हता. परंतु त्याच वर्षीं बाक-ल्यू भागांतील एका खेड्यांत पुराचें पाणी शिरलें, त्याबरोबर नाग लोकांच्या झोंपड्यांत घुसले, आणि चाळीस माणसांस दंश होऊन चौघे दगावले. एका गारुड्यानें एकोणीस नाग जिवंत धरून पिंपांत कोंडले; त्यांपैकीं चौदा जिवंत स्थितींत काल्मेत यांच्याकडे पोंचले. दुसरा कोणी असता तर तें पिंप पाहून दार लावून घेता!

त्यांनीं विष काढून ससे व पारवे यांवर प्रयोग केले. सोन्याचा क्षार व दुसरीं औषधें टोंचून पाहिलीं. पण विष एकदां शरीरांत भिनल्यावर त्यांचा भरंवसा धरवेना. प्रकृति बिघडल्यामुळें १८९३ सालीं ते पॅरिसला परतले. घटसर्पाचें विष जनावरास थोडें थोडें टोंचलें असतां त्याच्या रक्तांत त्या विषाचा उतारा तयार होतो, हें तोंपर्यंत सिद्ध झालें होतें. तीच युक्ति त्यांनीं नागाच्या विषास लाविली. १८९४ सालीं त्यांस यश आलें. त्याच वर्षीं फिसालि व बर्त्रां या दोघांनींही तोच शोध स्वतंत्रपणें जाहीर केला, म्हणून मान तिघांचा आहे. पुढें लील शहरीं पाश्चर संस्थेचे प्रमुख होऊन काल्मेत यांनीं घोड्यांस कित्येक महिने वाढत्या प्रमाणांत विष टोंचून त्यांच्या रक्तांतून प्रतिविष काढिलें, आणि तें दूरदेशीं जाऊं लागलें.

येथें मात्र त्यांची मोठी चूक झाली. नागावरचा उतारा सर्व विषारी सर्पांवर चालेल, असें ते समजत. ऑस्ट्रेलियांत मार्टिन यांनीं यास हरकत घेतली. आपल्या मुंबईंतही परळच्या प्लेग प्रयोगशाळेंत जॉर्ज लँब या डॉक्टरांनीं १९०२ सालापासूनच्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, नागाचें प्रतिविष घोणसाच्या विषापुढें निरुपयोगी आहे. कारण उघड आहे. नागाचें विष मज्जातंतूंवर जाऊन श्वास बंद पाडतें. घोणसाचें विष रक्तावर जातें, प्रथम तें गोठवितें व मग रक्तस्राव थांबत नाहीं. शेतकऱ्यास हा भेद पंडिती वाद वाटेल. परंतु घोणस चावलेल्या माणसास केवळ नागाचा उतारा टोंचून त्याचे नातलग निर्धास्त बसले असते, तर काय झालें असतें? आपलें मत सोडणें काल्मेत यांस जड गेलें. आमच्या मतें येथें लँब यांचें उपकार काल्मेत यांच्याहून कमी नाहींत, जरी त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं.

पुढील आयुष्य काल्मेत यांनीं क्षयरोगास वाहिलें. पशुवैद्य गेरँ यांच्यासह तेरा वर्षें, दर तीन आठवड्यांनीं, २३० वेळां त्यांनीं गाईच्या क्षयाचे जंतु नव्या अन्नावर वाढवून निर्बळ केले. मध्यंतरीं महायुद्धांत लील शहर जर्मनांच्या ताब्यांत होतें व त्यांच्या पत्नीस ओलीस म्हणून नेण्यांत आलें. तरी काम थांबलें नाहीं. ही लस १९२१ सालीं प्रथम एका बालकास दिली. बी.सी.जी. म्हणून आपलीं बाळें जन्मतःच टोंचून घेतात, ती हीच. १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक शहरीं ती घेतलेलीं सत्तरांहून अधिक बालकें मृत्यु पावलीं, आणि वृद्ध काल्मेत यांच्यावर जगभर ठपका आला. तेथील प्रयोगशाळेंतच लशींत जिवंत घातक जंतु मिसळले होते, हें चौकशींत ठरलें; पण तें दुःख त्यांस फार लागलें. २९ ऑक्टोबर १९३३ रोजीं पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें.

परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन यांचें नांव आहे, व पुढें प्रतिविष तेथेंही तयार झालें. आज आपल्या देशांत मिळणारें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषांवर मिळून केलेलें असतें. कुपीवर प्रमाणही छापलेलें असतें: एका मिलिलिटरानें नागाचें किंवा घोणसाचें ०.६ मिलिग्रॅम, आणि मण्यारीचें किंवा फुरशाचें ०.४५ मिलिग्रॅम विष उतरतें.