कानाला दडे बसल्यावर नाक दाबून फुंकतो, ती युक्ती कोणाची? अंतोनिओ वाल्साल्वा यांची गोष्ट

राजगुरुनगरहून मुंबईला निघालेली गाडी चाकण, तळेगाव करत द्रुतगती मार्गाला लागते. खंडाळ्याचा घाट उतरू लागला की कानाला दडे बसतात. शेजारच्याचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटते. मग कोणी आवंढा गिळतो, कोणी जांभई देतो, कोणी गोळी चघळतो. तरीही कान मोकळा झाला नाही, तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायचे. कानात टक् असा आवाज येतो आणि सगळे पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागते.

ही युक्ती आपल्याला आईवडिलांनी किंवा मित्राने शिकवलेली असते. वैद्यकशास्त्रात तिला एका माणसाचे नाव आहे, ते म्हणजे अंतोनिओ मारिया वाल्साल्वा. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इटलीतील बोलोन्या शहरात त्यांनी आयुष्यातली अनेक वर्षे माणसाच्या कानाचा अभ्यास केला. आज कोणताही कान-नाक-घसा तज्ज्ञ कान तपासतो, तेव्हा वाल्साल्वा यांनी लावून दिलेली मांडणीच वापरतो.

त्यांची गोष्ट समजायची, तर आधी कानात नेमके काय होते ते पाहू.

कानाचा पडदा आणि मागची खोली

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे तिथेच असतात. पडदा नीट थरथरायचा असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. बाहेरच्या बाजूला मोकळी हवा असते. आतल्या बाजूला हवा पोहोचवण्याचे काम एक नळी करते. प्रौढ माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि मध्यकर्णापासून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. हीच युस्टेशियन नलिका.

ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर ओढून उघडतात. आपल्याला ऐकू येणारा बारीक टक् हा तिचाच आवाज.

खंडाळा ते खोपोली हा उतार साधारण पाचशे मीटरचा आहे. एवढ्या उंचीच्या फरकाने हवेचा दाब पाच ते सहा टक्क्यांनी बदलतो. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली जादा हवा नळीतून सहज निसटते. उतरताना उलटे घडते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळीचे घशाकडचे मऊ तोंड दाबाने अधिकच मिटते. म्हणून भीमाशंकरला जाताना फारसा त्रास होत नाही आणि परतताना दडे बसतात. विमान उतरताना कान दुखतो, त्याचेही कारण हेच.

इमोलाचा मुलगा बोलोन्यात

वाल्साल्वा यांचा जन्म 1666 साली इटलीतील इमोला या गावी झाला. आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, ते हेच साल. आठ भावंडांत ते तिसरे. घर प्रतिष्ठित होते. सुरुवातीचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. निसर्गाची आणि प्राण्यांची ओढ लहानपणापासून होती. पुढे वैद्यकी शिकण्यासाठी ते जवळच्या बोलोन्याला गेले. तिथले विद्यापीठ युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक.

बोलोन्यात त्यांना गुरू मिळाले ते मार्चेल्लो माल्पिगी. शरीरातल्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहणारे शास्त्रज्ञ ते हेच. जुन्या पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा डोळ्यांना काय दिसते त्यावर विश्वास ठेवायचा, हा धडा वाल्साल्वा यांनी माल्पिगींकडून घेतला. 1687 साली त्यांना पदवी मिळाली.

त्यानंतर बोलोन्यातल्या रुग्णालयात ते शस्त्रक्रिया करू लागले. दिवसा जिवंत रुग्ण आणि नंतर शवविच्छेदन, असा त्यांचा क्रम होता. रुग्ण जिवंत असताना त्याला काय होत होते आणि मृत्यूनंतर आत काय सापडले, याची जोडी ते लावत. आज ही पद्धत आपल्याला साधी वाटते. त्या काळात असे नियमाने करणारे थोडेच होते.

तेव्हा ना रबरी हातमोजे होते, ना जंतूंची कल्पना. शवातून निघणारा स्राव कसला आहे हे ठरवण्यासाठी वाल्साल्वा तो जिभेवर ठेवून चव घेत. एकदा सडलेल्या भागातला स्राव चाखल्यावर त्यांची जीभ दिवसभर चुरचुरत राहिली, अशी नोंद आहे. आज कोणताही डॉक्टर हे करणार नाही. पण नोंद अचूक व्हावी म्हणून हा माणूस किती पुढे जात होता, हे त्यातून कळते.

सोळा वर्षे आणि एक पुस्तक

कान हा अभ्यासायला अवघड अवयव. त्याचा महत्त्वाचा भाग कवटीच्या कठीण हाडात दडलेला असतो. हाड फोडताना जरा हात चुकला की आतली नाजूक रचना नष्ट होते. वाल्साल्वा यांनी सोळा वर्षे या कामाला दिली आणि त्यासाठी हजाराहून अधिक मस्तकांचे विच्छेदन केले, असे सांगितले जाते. या कामात त्यांना एका तरुण विद्यार्थ्याची मदत झाली. त्याचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी.

1704 साली त्यांचे मानवी कानावरचे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तोरणा जिंकून परतलेल्या औरंगजेबाची छावणी आपल्या खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला पडली होती. जगाच्या एका टोकाला बादशहा किल्ले मोजत होता आणि दुसऱ्या टोकाला एक शल्यचिकित्सक कानातली हाडे मोजत होता.

या पुस्तकातल्या तीन गोष्टी आजही आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली म्हणजे कानाचे तीन भाग. बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि आंतरकर्ण ही शाळेच्या पुस्तकात आपण पाठ करतो ती विभागणी वाल्साल्वा यांनी रूढ केली.

दुसरी म्हणजे नळीचे नाव. ही नळी त्यांनी शोधली नव्हती. बार्तोलोमेओ युस्टाकी या रोममधल्या शरीररचनातज्ज्ञाने सोळाव्या शतकात तिचे नेमके वर्णन केले होते. युस्टाकी यांचे नशीब मात्र विचित्र. त्यांनी शरीररचनेच्या सत्तेचाळीस आकृत्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतल्या होत्या. त्यांतल्या आठच त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या. 1574 साली ते वारले आणि उरलेल्या एकोणचाळीस जवळपास दीडशे वर्षे हरवल्या. शेवटी 1714 साली त्या छापून निघाल्या. त्याच्या दहा वर्षे आधीच वाल्साल्वा यांनी आपल्या पुस्तकात नळीला युस्टाकींचे नाव देऊन टाकले होते. खेडचे राजगुरुनगर झाले, ते हुतात्मा राजगुरूंची आठवण राहावी म्हणून. या नळीचे नावही असेच एका आधीच्या माणसाच्या आठवणीसाठी दिले गेले आणि देणाऱ्याने स्वतःचे नाव मागे ठेवले. नळी उघडणाऱ्या स्नायूचे काम मात्र त्यांनी स्वतः दाखवून दिले.

तिसरी गोष्ट म्हणजे नाक दाबून फुंकण्याची युक्ती.

युक्ती होती पू काढण्यासाठी

वाल्साल्वा यांच्या काळात विमान नव्हते आणि घाट लोक पायी किंवा घोड्यावरून सावकाश उतरत. मग ही युक्ती त्यांनी कशासाठी सांगितली?

तेव्हा कान फुटणे ही मोठी व्याधी होती. मध्यकर्णात पू साठे, पडद्याला भोक पडे आणि तो वाहत राही. प्रतिजैविके नव्हती. साठलेला पू आत राहिला, तर संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून माणूस दगावत असे. नाक आणि तोंड बंद करून जोर लावला, की घशातली हवा नळीतून मध्यकर्णात जाते आणि तिथला पू पडद्याच्या भोकातून बाहेर ढकलला जातो, हे वाल्साल्वा यांनी पाहिले. अशा रुग्णांना ते हा उपाय सांगू लागले. अशा प्रकारे फुंकण्याचे उल्लेख त्यांच्या आधीच्या वैद्यकग्रंथांतही आहेत. पण हवा कोणत्या वाटेने जाते आणि का जाते, हे शरीररचनेच्या आधारे त्यांनी स्पष्ट केले. म्हणून नाव त्यांचे राहिले.

आज वाहत्या कानासाठी ही युक्ती कोणी सुचवत नाही, कारण चांगली औषधे आणि शस्त्रक्रिया आहेत. ती वापरतात विमानप्रवासी आणि पाणबुडे. हृदयाचे डॉक्टरही तिचा उपयोग करतात. कोंडलेला श्वास जोराने ढकलला की छातीतला दाब बदलतो आणि काही प्रकारची अचानक वाढलेली हृदयगती त्याने खाली येऊ शकते.

बहिरेपणाच्या एका कारणाचा मागही वाल्साल्वा यांना लागला. एका बहिऱ्या माणसाच्या शवविच्छेदनात त्यांना रिकीब हे हाड आपल्या जागी घट्ट चिकटलेले आढळले. हे हाड हलले नाही, तर आवाज आत पोहोचतच नाही. आज त्यावर शस्त्रक्रिया होते. हा दोष प्रथम नोंदवण्याचे श्रेय त्यांनाच देतात.

साखळ्या नकोत

1705 साली वाल्साल्वा बोलोन्याच्या विद्यापीठात शरीररचनेचे अध्यापक झाले. रुग्णालयातले काम चालूच होते. त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडाने बांधत, मारत. वाल्साल्वा यांनी याला विरोध केला. या माणसांना इतर रुग्णांसारखेच वागवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पॅरिसमध्ये फिलिप पिनेल यांनी मनोरुग्णांच्या साखळ्यांविरुद्ध काम केले ते यानंतर बऱ्याच वर्षांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस.

शस्त्रक्रियेतही ते रुग्णाच्या वेदनेचा विचार करत. रक्त थांबवण्यासाठी तापलेल्या लोखंडाने डागणी देण्याऐवजी रक्तवाहिनी बांधणे त्यांना पसंत होते.

1709 साली त्यांचे लग्न झाले. सहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली.

ज्या आजाराचा अभ्यास केला तोच

पक्षाघात हा वाल्साल्वा यांच्या अभ्यासाचा आणखी एक विषय. उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाच्या मेंदूत इजा डाव्या बाजूला सापडते, हे त्यांनी शवविच्छेदनांतून पुन्हा पुन्हा दाखवले. शेवटच्या काळात त्यांची स्वतःची वाचा काही वेळ अडखळली आणि परत आली. ही खूण कशाची, हे त्यांना ठाऊक असणारच. 2 फेब्रुवारी 1723 रोजी पक्षाघातानेच त्यांचे निधन झाले. साठीही गाठली नव्हती.

त्यांचे बरेचसे काम कागदपत्रांतच पडून होते. ते वाचवले मोर्गान्यी यांनी. 1740 साली त्यांनी गुरूंचे समग्र लेखन चरित्रासह प्रसिद्ध केले. पुढे 1761 मध्ये मोर्गान्यींचा स्वतःचा मोठा ग्रंथ आला, ज्यामुळे त्यांना आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. त्यातल्या अनेक रुग्णांच्या नोंदी वाल्साल्वा यांच्या आहेत.

आपल्यासाठी काय?

दडे बसले तर आधी आवंढा गिळा, पाणी प्या किंवा जांभई द्या. फुंकायचेच असेल तर अगदी हलक्या जोराने आणि दडा बसायला लागताच फुंका. दाब खूप वाढल्यावर जोर लावला तर नळी उघडत नाही आणि कानाला इजा होऊ शकते. सर्दी-पडसे असताना, कान वाहत असताना किंवा कानाची अथवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हा प्रयोग करू नका. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नाक दाबून नुसते गिळणे हा सौम्य पर्याय आहे. तान्ह्या बाळाला घाट किंवा विमान उतरताना दूध पाजावे, गिळण्याने त्याचे कान मोकळे होतात.

घाट नसतानाही कानात वारंवार टक् टक् होत असेल, तर बहुधा सर्दी किंवा धुळीच्या ॲलर्जीने नळीचे तोंड सुजलेले असते. ते थोड्या दिवसांत उतरते. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. काहींना उलट नळी उघडीच राहते आणि स्वतःचा श्वास व आवाज कानात घुमतो. वजन झपाट्याने उतरल्यावर असे होऊ शकते.

दडा काही आठवड्यांत सुटला नाही, प्रौढ माणसाचा एकच कान सतत बंद वाटत राहिला, कानातून पू किंवा रक्त आले, चक्कर येऊ लागली, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जा. कानात तेल ओतणे किंवा काडी घालणे यांचा इथे काही उपयोग नाही, कारण अडचण पडद्याच्या पलीकडे आहे.