संपाची झळ आणि डॉ. आंबेडकर

संपाचा हिशेब बहुधा दोन रकान्यांत मांडला जातो : मालकाचे नुकसान किती आणि कामगारांच्या पदरी पडले काय. परंतु कामगारांतही वरचा आणि खालचा थर असतो. लढा लांबला की खालच्या थरातील चूल आधी विझते. हा तिसरा रकाना ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्थान अग्रभागी आहे.

१८९१ साली जन्मलेले आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गिरणगावाची ओळख मात्र त्यांना ग्रंथांतून झालेली नव्हती. परळच्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे संसार केला; गिरणीकामगार हेच तेथील शेजारी.

त्या काळी विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना ते खाते बंद होते. कमी मजुरीची कामेच त्यांच्या वाट्याला येत. १९२८ च्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगारांचा हा लढा ऑक्टोबरपर्यंत चालला. एकेका कामगारावर अधिक यंत्रे लादणाऱ्या योजनेला झालेला विरोध रास्तच होता. परंतु ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला सहा महिने बिनपगारी काढायचे म्हणजे वाण्याची उधारी आणि पठाणाचे कर्ज, एवढाच आधार उरतो.

विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आंबेडकरांनी आग्रह धरला. संपसमितीने ती नाखुशीनेच स्वीकारली. १९२९ साली पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा आधीच्या कर्जातून न सावरलेल्या कुटुंबांचा विचार करून त्यांनी उघड विरोध केला. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली.

म्हणून ते संपाचेच विरोधक होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी जो एक दिवसाचा संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

या दोन भूमिकांत विसंगती नाही. संपाचा हक्क त्यांना मान्य होता. त्याची किंमत सर्वांत दुबळ्या कुटुंबाकडून न विचारता वसूल करणे अमान्य होते. कंत्राटी आणि कायम अशी कामगारांची विभागणी झालेल्या आजच्या कारखान्यांतही हाच प्रश्न उभा आहे. त्याग सर्वांकडून मागायचा, तर लाभाचे दारही सर्वांना उघडे हवे. एरवी एकजूट ही फलकावरील घोषणाच राहील.