एल्रे जेपसन

एल्रे बोर्गे जेपसन (२८ जानेवारी, इ.स. १९०७ – २६ नोव्हेंबर, इ.स. १९९६) हे अमेरिकन वैमानिक होते. धावपट्टी दिसत नसताना वैमानिकाने कोठे व किती खाली यावे, हे दाखविणारे नकाशे त्यांनी रूढ केले.

प्रारंभिक जीवन

जेपसन यांचा जन्म लुईझियाना राज्यातील लेक चार्ल्स येथे डॅनिश वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे बालपण ओरेगन राज्यात गेले. तरुणपणी ते टेक्स रँकिन यांच्या हवाई कसरतींच्या पथकात होते.

टपालविमाने आणि वही

इ.स. १९३०मध्ये ते बोईंग एअर ट्रान्सपोर्टची टपालविमाने चालवू लागले. कंपनीचा मार्ग रॉकी पर्वत ओलांडून जाई. हवाई नकाशे नसल्याने वैमानिक रस्त्यांचे नकाशे व रेल्वेमार्ग यांवर विसंबत. ढगांत वाट चुकून त्यांचे अनेक सहकारी मृत्युमुखी पडले. जेपसन यांनी दहा सेंटची एक वही घेतली. डोंगर व पाण्याच्या टाक्यांवर उंचीमापक घेऊन ते स्वतः चढत आणि त्यांची उंची टिपून ठेवत. धावपट्ट्यांची लांबी, अडथळे आणि हवामान कळविणाऱ्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही वहीत असत. इतर वैमानिक प्रती मागू लागल्यावर इ.स. १९३४मध्ये त्यांनी प्रकाशनसंस्था स्थापन केली.

खाली उतरण्याचा नियम

अशा नकाशांवर मार्गाच्या प्रत्येक टप्प्याची किमान उंची दिलेली असते. ती त्या टप्प्यापुरतीच सुरक्षित असते. म्हणून नियंत्रकाची अनुमती मिळाली, तरी विमान छापील मार्गावर स्थिर होईपर्यंत आधी नेमून दिलेली उंची सोडता येत नाही. अखेरच्या किमान उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावे लागते.

हा भेद अस्पष्ट राहिल्यास काय घडते, हे १ डिसेंबर, इ.स. १९७४ रोजी दिसले. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए ५१४ हे विमान अनुमती मिळताच १,८०० फुटांकडे उतरू लागले. ती उंची पुढील टप्प्याची होती. विमान वाटेतील डोंगरावर आदळून सर्व ९२ जण ठार झाले. त्यानंतर अमेरिकेत हा नियम अधिक स्पष्ट करण्यात आला.

उत्तरायुष्य

इ.स. १९६१मध्ये जेपसन यांनी संस्था टाइम्स मिरर कंपनीला विकली. डेन्व्हर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या मुख्य इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.