मुंबईचे बोवेनसाहेब आणि घरोघरची संगती



मिशनरींची चरित्रे वाचताना आपण नकळत बाप्तिस्म्यांचा आकडा शोधू लागतो. त्या दृष्टीने जॉर्ज बोवेन यांचे चरित्र उघडले तर वाचकाची निराशा होईल. चाळीस वर्षे ते मुंबईत राहिले, एकदाही मायदेशी परतले नाहीत, रस्त्यांवर, बाजारांत, मैदानांत मराठीत सुवार्ता सांगत फिरले. पण त्यांच्या उपदेशाने प्रभूकडे वळलेले लोक पहिली कित्येक वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तरीही मुंबईच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांना संत मानले. पण त्यांच्या साधुत्वापेक्षा आम्ही येथे अधिक सांगणार आहोत ते त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाविषयी. पंचावन्न वर्षांचा हा एकाकी प्रचारक तेव्हा छोट्या छोट्या घरगुती सभांच्या कार्यात सामील झाला.

बोवेन यांचा जन्म ३० एप्रिल १८१६ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात मिडलबरी गावी झाला. वडील व्यापारी. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आले. मुलाने पेढीवर बसावे अशी बापाची इच्छा, पण मुलाचे मन पुस्तकांत, संगीतात आणि परकीय भाषांत. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन या भाषा त्यांनी आवडीने आत्मसात केल्या. सतराव्या वर्षी गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास वाचला आणि ख्रिस्ती धर्मावरचा विश्वास उडाला. पुढची दहा-अकरा वर्षे ते पक्के नास्तिक होते. कोणाचे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

मग एका तरुणीवर त्यांचे प्रेम जडले. तिला क्षय झाला. १८४४ च्या आरंभी ती वारली आणि मरताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. ते रोज वाचावे एवढीच तिची विनंती होती. तिच्या प्रेमाखातर ते वाचू लागले. विश्वास नव्हता, पण वचन पाळायचे होते. अशातच वाचनालयातून घरी आणलेले पुस्तक चुकून भलतेच निघाले: ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरील पेली यांचा ग्रंथ. परत करण्याआधी सहज चाळावे म्हणून उघडला आणि वाचतच गेले. काही आठवड्यांतच त्यांनी गुडघे टेकले. जे शब्बाथशाळेचे शिक्षक वर्गात बसलेल्या हट्टी मुलाकडे पाहून हताश होतात, त्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी.

एकदा वळल्यावर मात्र बोवेन यांनी मागे पाहिले नाही. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी धर्मशिक्षण घेतले, अमेरिकन बोर्डाच्या मिशनमध्ये नाव दिले आणि जानेवारी १८४८ मध्ये ते मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८१३ पासून चालू होते. तेव्हा बोवेन एकतीस वर्षांचे होते. मराठी त्यांनी झपाट्याने शिकून घेतली आणि लौकरच ते उघड्यावर बोलू लागले.

वर्षभरातच त्यांनी एक असा निर्णय घेतला, की सहकाऱ्यांनाही तो विचित्र वाटला. मिशनकडून मिळणारा पगार त्यांनी सोडून दिला. त्यांचे म्हणणे असे, की बंगल्यात राहणाऱ्या, नोकरचाकर बाळगणाऱ्या उपदेशकाच्या तोंडून क्रूसाची गोष्ट ऐकताना लोकांना ती खरी कशी वाटावी? देशी वस्तीत साधी खोली घेतली, शिकवण्या करून पोटापुरते मिळवू लागले आणि उरलेला सगळा वेळ प्रचाराला दिला. लग्न केले नाही. पुढे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीचे काम अंगावर घेतले, आणि ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकाचे संपादन तर आयुष्याच्या अखेरीपर्यंत सांभाळले. त्या पत्रातील त्यांच्या चिंतनांतूनच पुढे ‘डेली मेडिटेशन्स’ हे पुस्तक तयार झाले. ते इंग्लंड-अमेरिकेतही वाचले गेले.

या त्यागामागे त्यांची एक मोठी आशा होती, तीही सांगितली पाहिजे. प्रेषितांच्या काळी जी चिन्हे व चमत्कार घडत, ती देव आजही आपल्या हातून घडवील आणि मग लोक विश्वास धरतील, असे त्यांना मनापासून वाटे. त्यासाठी त्यांनी रात्रीच्या रात्री प्रार्थनेत घालवल्या. चमत्कार घडले नाहीत आणि लोकसमुदायही लोटले नाहीत. रोज संध्याकाळी ते जात, बोलत, थट्टा सोसत आणि खोलीवर परत येत. ही वर्षे थोडीथोडकी नव्हेत; १८४८ पासून १८७१ पर्यंत तेवीस वर्षे झाली. आम्ही स्वतः लहानशा मंडळीत उपदेश करतो आणि चार रिकाम्या बाकांकडे पाहूनही मन खट्टू होते. तेवीस वर्षे हा माणूस कशावर टिकला असेल, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या मते येथे एक उणीव होती. संतांच्या चरित्रात ती सांगू नये असे कोणी म्हणेल, पण लपवूनही उपयोग नाही. बोवेन यांची भक्ती मोठी, त्याग मोठा, पण तो एकट्याचा होता. रस्त्यावर ऐकून एखाद्याचे मन हललेच, तर त्याने उद्या कोणाच्या घरी जावे, कोणाशेजारी बसावे, मोह पडला तर कोणाला सांगावे, याची काही सोय त्या उपदेशात नव्हती. साधू पाहून लोक हात जोडतात आणि आपापल्या घरी जातात. आपल्या देशात तर हे फारच खरे आहे.

नोव्हेंबर १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईस आले. हे अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक. व्हर्जिनियातील जन्म, उंचेपुरे शरीर, खणखणीत आवाज. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली होती तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर त्यांनी सात वर्षे उपदेश केला. पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही त्यांच्या सभा गाजल्या. तेही मिशनचा पगार घेत नसत. आपली पुस्तके विकून प्रवासाचा खर्च भागवीत. बोवेनसाहेबांशी त्यांचे सूत लगेच जुळले असल्यास आश्चर्य नाही.

टेलर यांनी आधी दुभाष्यामार्फत मराठी श्रोत्यांपुढे उपदेश केला. फळ थोडे. मग ते इंग्रजी बोलणाऱ्या लोकांकडे वळले. रेल्वेतील, कचेऱ्यांतील, गोदीतील युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसे नावाची ख्रिस्ती होती, पण त्यांपैकी पुष्कळांचा देवळाशी संबंध बाप्तिस्मा, लग्न आणि पुरणे एवढाच उरला होता. त्यांच्यात जागृती झाली. आता येथवर बोवेन यांच्या प्रचारात आणि टेलर यांच्या प्रचारात फरक फारसा नव्हता. फरक दुसऱ्या दिवशी पडला. ज्यांची मने पालटली, त्यांना टेलर यांनी रविवारची वाट पाहू दिली नाही. त्यांच्याच घरांत, त्यांच्याच दिवाणखान्यांत त्यांची लहान लहान संगतिमंडळे बांधली. इंग्रजीत त्यांना ‘फेलोशिप बँड’ म्हणत. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, एक ठरलेले घर, एक पुढारी. एक गीत, एक प्रार्थना. मग पुढारी प्रथम स्वतःचा आठवड्याचा अनुभव सांगे आणि त्यानंतर ज्याचा तो. व्याख्यान नाही, वादविवाद नाही. कोणी आला नाही तर पुढाऱ्याने त्याच्या घरी जाऊन विचारपूस करायची.

ही कल्पना टेलर यांची नव्हे, हे मेथडिस्ट वाचकांना सांगायला नको. पण तिची उत्पत्ती आमच्या तरुणांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून दोन शब्द. फेब्रुवारी १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर इमारतीचे कर्ज होते. दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. गरिबांनी कोठून द्यावी? तेव्हा एका जुन्या जहाजी कप्तानाने सुचविले, की बारा-बारा जणांचे गट करावेत. सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि कमी पडेल ते खिशातून भरीन. असे पुढारी घरोघर जाऊ लागले, तेव्हा त्यांना पेनीपेक्षा दुसरेच काही दिसले. कोणी आजारी, कोणी दारूकडे परत वळलेला, कोणा नवराबायकोत अबोला. वेस्ली यांनी हे ओळखले आणि वसुलीची व्यवस्था आत्म्यांच्या काळजीची व्यवस्था झाली. आपल्या मंडळ्यांतील ‘क्लासलीडर’ हा शब्द तेथून आला. पुष्कळ ठिकाणी आज तो वार्षिक अहवालात तेवढा उरला आहे.

मुंबईत मात्र १८७२ साली तो जिवंत होता. एकामागून एक मंडळे उभी राहिली. सुरुवातीला वेगळी मंडळी काढण्याचा विचार नव्हता. पण त्या मंडळांतल्या लोकांना आता एकत्र राहायचे होते. फेब्रुवारी १८७२ मध्ये ऐंशीहून अधिक जणांनी सह्या करून टेलर यांना विनंती केली, की आमची मेथडिस्ट मंडळी स्थापन करा. अशा रीतीने मुंबईची मेथडिस्ट मंडळी जन्मली तेव्हा तिच्याजवळ ना देऊळ होते, ना घंटा, ना परदेशातून येणारा पैसा. घरे होती आणि घरांत जमणारी माणसे होती. पाळकाचा खर्च त्यांनीच उचलायचा होता. इतर मंडळ्यांतून टीकाही झाली. आपली माणसे ओढून नेली असे काहींना वाटले. बोवेनसाहेबांनी ‘गार्डियन’मधून या कार्याची बाजू घेतली आणि लौकरच स्वतः मेथडिस्ट मंडळीत सामील झाले.

या पावलाचे मोल समजून घेतले पाहिजे. ते टेलर यांच्यापेक्षा वयाने पाच वर्षांनी वडील. मुंबईचे चोवीस वर्षांचे रहिवासी, विद्वान, संपादक, सर्वांना वंदनीय. अशा माणसाने रेल्वेच्या फिटरशेजारी खुर्ची घेऊन या आठवड्यात माझे काय झाले हे सांगायचे! रस्त्यावर शंभर अनोळखी लोकांपुढे बोलण्यापेक्षा हे कठीण असते, असे आम्हांस वाटते. एकांतात देवापुढे रडणारा माणूस दहा ओळखीच्या लोकांपुढे सहसा तोंड उघडत नाही.

टेलर फार काळ थांबले नाहीत. पुणे, कलकत्ता, मद्रास असे करीत १८७५ मध्ये ते भारत सोडून गेले. पुढे आफ्रिकेचे बिशप झाले आणि १९०२ मध्ये वारले. जे पेटवून जातात त्यांच्यामागे कोणीतरी सरपण घालीत बसावे लागते. मुंबईत ते काम ज्यांनी केले त्यांत बोवेन प्रमुख होते. ज्याने आयुष्यभर एकट्याने काम केले, त्याच्याकडे आता मंडळ्यांची देखरेख आली. ते मुंबई जिल्ह्याचे प्रिसायडिंग एल्डर झाले. १८७६ मध्ये दक्षिण भारत कॉन्फरन्स स्थापन झाली, तिच्या बैठकींत बिशप नसताना अध्यक्षपदही त्यांना देण्यात आले. रेल्वेबरोबर मंडळेही पसरली. इगतपुरी, लोणावळा अशा ठिकाणी रेल्वेच्या माणसांत काम उभे राहिले. पुण्यातील सभांतून विल्यम ओल्डहॅम नावाचा सर्व्हे खात्यातला एक तरुण प्रभूकडे वळला. तो १८८५ मध्ये सिंगापूरला गेला आणि तेथील मेथडिस्ट मंडळीचा संस्थापक ठरला.

हे सारे काम प्रथम इंग्रजी बोलणाऱ्यांत झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मराठी मेथडिस्ट मंडळ्या पुढे उभ्या राहिल्या. बोवेनसाहेबांची संध्याकाळची मराठी प्रचारफेरी मात्र या सगळ्या गडबडीतही चुकली नाही, श्रोते चार असोत की चाळीस.

आम्ही राहतो ते आनंद नगर भोपाळच्या पूर्वेस रायसेन रस्त्यावर आहे. नोकरीच्या निमित्ताने, विशेषतः भेलच्या कारखान्यामुळे, या बाजूला पुष्कळ मराठी कुटुंबे आली आणि हिंदी वस्तीत विखरून राहिली. अशा ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला रविवारची उपासना पुरत नाही. सासू रुग्णालयात आहे, मुलाची नोकरी गेली आहे, हे उपासना सुटल्यावर दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही. ते कोणाच्या तरी घरी, चहाचा कप हातात घेऊन सांगावे लागते. महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, आजाऱ्यांना भेटणारे दोघे-तिघे आहेत. पण बारा घरांची नावे वहीत लिहून त्या घरांची चौकशी करणारा क्लासलीडर असेल, तर या सर्वांना कणा मिळेल. शहर कोणतेही असो, हे काम पाळक एकटा करू शकत नाही आणि त्याने एकट्याने करावे अशी अपेक्षाही करू नये.

बोवेनसाहेब ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईत वारले. वय एकाहत्तर होते. या शहरात पाऊल ठेवल्यास नुकतीच चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. मागे बायको नाही, मूल नाही, पैसा नाही. काही पुस्तके, वर्तमानपत्राचे अंक आणि ज्या घरांत ते गुडघे टेकून बसत त्या घरांतली माणसे. पुढे कुलाब्यातील मेथडिस्ट देवळाला त्यांचे नाव देण्यात आले. समुद्राच्या बाजूने गेटवेकडे जाणाऱ्या वाचकांनी कधी वेळ काढून ते पाहावे.