सीपीआर सामान्य माणसालाही शिकवा म्हणून आयुष्यभर झगडलेला डॉक्टर : पीटर साफार

रस्त्यात कुणी कोसळलं की गर्दी जमते. कुणी पाणी शिंपडतं, कुणी रिक्षा शोधतं. छाती दाबायला पुढे येणारा मात्र एखादाच. बाकीच्यांच्या मनात एकच विचार असतो, हे डॉक्टरांचं काम, आपण कशाला हात लावायचा?

हा विचार चुकीचा आहे, हे एका डॉक्टरनेच सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. त्यांचं नाव पीटर साफार.

साफार यांचा जन्म 1924 चा, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरातला. आई-वडील दोघेही डॉक्टर. नाझींची सत्ता आली आणि घराचे दिवस फिरले. आईच्या घराण्यात ज्यू रक्त होतं आणि वडील नाझी पक्षात जायला तयार नव्हते, त्यामुळे दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. तरुण पीटरला सैन्यात ओढायची वेळ आली, तेव्हा त्याने अंगावरचा इसब मुद्दाम चिघळवला आणि तो लष्करासाठी अपात्र ठरला.

1948 मध्ये डॉक्टर होऊन साफार अमेरिकेला गेले आणि पुढे भूलतज्ज्ञ झाले.

श्वास कसा द्यायचा?

त्या काळी श्वास थांबलेल्या माणसाला पालथं झोपवायचे, पाठ दाबायचे आणि हात वर ओढायचे. प्रथमोपचाराच्या वर्गात हेच शिकवलं जायचं.

1956 मध्ये साफार यांची गाठ जेम्स एलाम या डॉक्टरशी पडली. आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला जगवण्याइतका ऑक्सिजन उरतो, हे एलाम यांनी सिद्ध केलं होतं. पण जुनी पद्धत कुणी सोडत नव्हतं.

मग बाल्टिमोरमध्ये साफार यांनी आज अंगावर काटा येईल असे प्रयोग केले. स्वयंसेवकांना त्यांच्या संमतीने गुंगीचं आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं जायचं. त्यांचा श्वास बंद पडला की जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती तपासल्या जायच्या.

दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते, डोकं मागे झुकवलं की ती मोकळी होते. आणि पाठ दाबण्यापेक्षा तोंडाने दिलेला श्वास कितीतरी जास्त हवा आत पोचवतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. श्वास देणाऱ्यांमध्ये डॉक्टर नसलेली साधी माणसंही होती, आणि त्यांनाही ते जमलं.

1960 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं, हे जगापुढे मांडलं. साफार यांनी दोन्ही पद्धती एकत्र गुंफल्या. ए म्हणजे एअरवे, बी म्हणजे ब्रीदिंग, सी म्हणजे सर्क्युलेशन. कुणालाही पाठ होईल असा क्रम.

सराव कशावर करायचा, हा प्रश्न नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सोडवला. त्याने माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. तिच्या छातीत स्प्रिंग बसवा, म्हणजे दाबण्याचाही सराव होईल, ही सूचना साफार यांची.

घरातच घाव

1961 पासून साफार पिट्सबर्ग विद्यापीठात होते. 1966 साली त्यांची लहान मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने कोसळली. तिचं हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदूला फार वेळ ऑक्सिजन मिळाला नव्हता. ती वाचली नाही.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भाषण करताना कोसळले. तेव्हा शहरात रुग्ण नेण्याचं काम पोलिसांच्या गाड्या करायच्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत लॉरेन्स यांच्या मेंदूचंही भरून न येणारं नुकसान झालं होतं.

हॉस्पिटल कितीही चांगलं असलं तरी पहिली काही मिनिटं वाया गेली तर उपयोग नाही, हे साफार यांना दोन्ही वेळा दिसलं.

1967 मध्ये पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिच्यासाठी हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण निवडले. अनेकांना काम नव्हतं, काहींचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. साफार यांनी त्यांच्यासाठी कित्येक महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. वस्तीतल्या लोकांनी ज्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवली नव्हती, तेच तरुण अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिक्सपैकी ठरले. 1975 मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. त्यातल्या थोड्याच जणांना नव्या सेवेत टिकता आलं.

डॉक्टरांचाच विरोध

सामान्य माणसाच्या हातात सीपीआर देणं अनेक डॉक्टरांना धोक्याचं वाटायचं. 1966 च्या राष्ट्रीय परिषदेने हे प्रशिक्षण वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांपुरतंच सुचवलं. सर्वसामान्यांना शिकवण्याची शिफारस व्हायला 1973 ची परिषद उजाडावी लागली. साफार तोवर हेच सांगत होते.

2003 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. नोबेलसाठी त्यांचं नाव तीनदा सुचवलं गेलं, पुरस्कार मिळाला नाही.

त्यांचा ए-बी-सी क्रमही 2010 मध्ये बदलला. आता आधी छाती दाबायला सांगतात, छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. तोंडाने श्वास द्यायचं शिकला नसाल, तर मदत येईपर्यंत नुसती छाती दाबत राहिलात तरी चालतं.

क्रम बदलला, पण साफार यांचा आग्रह तोच राहिला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात.