सेनापती आणि मुळशीची गोष्ट

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर सांभाळून घ्या.

गेल्या सेमिस्टरला मार्केटिंगच्या इलेक्टिव्हला प्रेझेंटेशन होतं. विषय: मनाला भिडणारी गोष्ट सांगून माणसांना आपल्या बाजूला कसं वळवायचं. सगळ्यांनी साबण, चहा, विमा घेतला. मी पांडुरंग महादेव बापट घेतले. पुण्यातला सेनापती बापट रोड ज्यांच्या नावाचा, तेच.

बापटांचा जन्म 1880 चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. डेक्कन कॉलेजात शिकले आणि स्कॉलरशिपवर एडिनबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेले. म्हणजे आपल्यातलेच! पण तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलले आणि स्कॉलरशिप गेली. मग पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकले. भारतात परतल्यावर काही वर्षं भूमिगत राहिले. पुढे पारनेरला हातात झाडू घेऊन गाव झाडायचे.

मुळशीत टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. कंपनीकडेही एक गोष्ट होतीच: मुंबईच्या गिरण्यांना वीज, देशाची प्रगती. खोटी नव्हती ती. पण तिच्यात पन्नासेक गावांतले मावळे कुठेच नव्हते. त्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, आणि सरकारने त्यासाठी जमीन संपादनाचा कायदा वापरला.

एप्रिल 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. बापट त्याचे पुढारी झाले आणि लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. त्यांच्या हातात ना पैसा, ना कायदा. होती ती फक्त गोष्ट: पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि तिच्यावर जगणारी माणसं. ते कवीही होते. पण मला वाटतं, लोकांना शब्दांपेक्षा दुसरंच काहीतरी पटलं असणार. जे दुसऱ्यांना करायला सांगितलं ते त्यांनी आधी स्वतः केलं. तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा मुळशीत आले.

तरी गोष्ट हरली. बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांच्या होत्या. त्यांच्यातल्या अनेकांना जमीन वाचवण्यापेक्षा मोबदला वाढवून घेण्यात रस होता. कसणारा एकीकडे, सातबारावरचा मालक दुसरीकडे. चळवळ फुटली. शेवटी 1924 मध्ये धरणाचं काम रोखायला बापटांनी रेल्वेवर सशस्त्र हल्ला केला. सात वर्षांची शिक्षा झाली. ते 1931 मध्ये सुटले तेव्हा धरण पुरं होऊन चार वर्षं झाली होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. 1967 मध्ये गेले.

प्रेझेंटेशननंतर सरांनी विचारलं, धरण तर झालंच, मग ही केस यशस्वी कशी? मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर सुचलं. जाहिरातवाल्याची गोष्ट फसली तर तो दुसरी लिहितो. बापटांनी आपल्या गोष्टीची किंमत स्वतः मोजली. म्हणून शंभर वर्षांनीही ती मला पटते, आणि तो रेल्वेवरचा हल्ला मात्र पटत नाही. सरांना हे अजून सांगायचंय.

मुळशीला आपण पावसाळ्यात भजी खायला जातो. पुढच्या वेळी तलावाकडे बघताना एवढं आठवा, की त्या पाण्याखाली कोणाचं तरी खाचर आहे. आणि उद्या नोकरीत कोणाला काही पटवायची वेळ आली, तर आधी बघा, आपल्या गोष्टीतून कोण गाळलं गेलंय ते.